व्यपगत

"भाऊ, पैसे बुडाले याला सरकारी भाषेत काय म्हणतात जी?"

मी फायलीतून मान वर केली. टेबलासमोर पन्नाशीला टेकलेली एक बाई उभी होती. साधं सुती पातळ, खांद्याला कापडी पिशवी, हातात शाळकरी पोरांची असते तसली दोनशे पानी वही. आमच्या कार्यालयात अशी माणसं रोज यायची. कुणाची पेन्शन अडलेली, कुणाची बदली.

"कशात बुडाले त्यावर आहे," मी म्हटलं. "धंद्यात, जुगारात की पाहुण्यारावळ्यांत?"

"नदीत," ती म्हणाली आणि हसली. "मी शेवंता कुमरे. कोसमटोल्याची आमदार आहो."

मी ताडकन उठलो. खुर्ची मागे पडता पडता वाचली. आमदार माणूस असा एकटा, ना पीए ना शिपाई, कक्ष अधिकाऱ्याच्या टेबलाशी येऊन उभा राहतो हे माझ्या वीस वर्षांच्या नोकरीत घडलं नव्हतं. मी त्यांना बसायला खुर्ची दिली, चहा सांगितला. नोकरी माझी मुंबईत, खात्याचं नाव सांगत नाही. निवृत्तीनंतरही माणसाला थोडी भीती बाळगावी लागते. माझं नाव मात्र सांगतो, अनंत केळुसकर. लपवायचं असतं तर ही गोष्ट सांगायलाच बसलो नसतो.

माझं काम विधिमंडळाच्या प्रश्नांचं. आमदार प्रश्न पाठवतात, मंत्री सभागृहात उत्तर देतात, आणि ते उत्तर लिहितो माझ्यासारखा कुणीतरी. खात्यात माझ्या हाताला फार मान होता. उत्तर असं लिहायचं की त्यात खोटं अक्षर नको आणि मंत्र्याच्या गळ्याला फासही नको. ही कला आहे हो, हसू नका! वाक्य संपलं की समोरच्याला वाटलं पाहिजे, आपल्याला काहीतरी मिळालं. घरी गेल्यावर त्याच्या लक्षात यायला पाहिजे, की हातात काहीच नाही.

कुमरेताई पहिल्यांदाच निवडून आल्या होत्या. त्याआधी सव्वीस वर्षं त्या नर्सबाई होत्या, गावोगाव पायी फिरून बाळंतपणं करणाऱ्या. त्यांच्या तालुक्याच्या मधून तिपरी नदी जाते. अलीकडे दवाखाना, पलीकडे अकरा गावं. पावसाळ्याचे चार महिने पलीकडची माणसं डोंग्यातून येतात. डोंगा म्हणजे एकाच झाडाचं खोड कोरून केलेली होडी.

"पोटुशी बाई डोंग्यात बसवायची म्हणजे काय असते, ते तुमाले नाही समजणार," त्या म्हणाल्या. "अर्ध्या नदीत कळा आल्या तर तिनं हलायचं नाही आणि आपण ओरडायचं नाही. तीन लेकरं मी पाण्यावर काढली जी. दोन जगले."

पुलाला मंजुरी मिळाली होती. त्या काळी आमच्या राज्यात मागास भागातल्या पुलांसाठी एक उपकर घेतला जायचा, प्रवासाच्या प्रत्येक तिकिटामागे काही पैसे. त्यातून कोसमटोल्याच्या पुलाला सव्वा कोटी ठेवले होते. खड्डे खणून झाले, खडी येऊन पडली आणि काम बंद. विचारायला गेलं की कुणी म्हणे जिल्ह्याला विचारा, कुणी म्हणे मुंबईला.

"आमी पण तो कर भरतो ना जी," त्या म्हणाल्या. "बाजाराला जातो, तिकीट काढतो, त्यावर भरतो. मग आमचा पूल काहून नाही? आता मी सभागृहात प्रश्न टाकून राहिली. पण गावच्या भाषेत लिहिलं तर हसतील. म्हणून विचारलं, बुडाले याला काय म्हणतात?"

मला गंमत वाटली आणि थोडी फुशारकीही चढली. आमदार बाई माझ्याकडे शिकायला आलेली! मी त्यांची फाईल पाहिलेली नव्हती, ते टेबल वेगळं. पण मला वाटलं, काम बंद म्हणजे पैसे वर्षअखेरीला खर्च न होता रद्द झाले असणार. नेहमीची गोष्ट.

"व्यपगत," मी ऐटीत म्हटलं. "निधी व्यपगत झाला, असं लिहा."

"कसं लिहायचं?"

मी त्यांच्या वहीत स्वतःच्या हातानं लिहून दिलं. त्यांनी दोनदा मोठ्यानं वाचलं. "व्यपगत. पैसे बुडाले यापेक्षा भारी वाटते," म्हणाल्या, आणि चहा संपवून, कप उचलून बाहेर शिपायाच्या ट्रेमध्ये स्वतः ठेवून निघून गेल्या. आमदार असून कप उचलला, याचं आमच्या खोलीत दोन दिवस कौतुक चाललं होतं.

डिसेंबरात नागपूरचं अधिवेशन. आमचं सगळं खातं फायलींच्या पेट्यांसकट तिकडे हललं. पहिल्याच आठवड्याच्या प्रश्नांच्या गठ्ठ्यात कुमरेताईंचा प्रश्न माझ्या टेबलावर आला. तारांकित होता, म्हणजे मंत्र्यांना सभागृहात उभं राहून उत्तर द्यावं लागणार, आणि वर उपप्रश्नही झेलावे लागणार. मी मनातल्या मनात म्हटलं, वा ताई, जमवलंत!

प्रश्न नेहमीच्या साच्यातला होता. एक : कोसमटोला येथील तिपरी नदीवरील पुलासाठीचा उपकराचा निधी व्यपगत झाला आहे, हे खरे आहे काय? दोन : असल्यास, त्याची कारणे काय? तीन : असल्यास, उक्त निधी पुन्हा उपलब्ध करून देण्याबाबत शासन काय कार्यवाही करणार आहे?

मी संबंधित टेबलावरून फाईल मागवली. उघडली आणि पहिलं पान दोनदा वाचलं.

निधी व्यपगत झालाच नव्हता. म्हणजे पैसे बुडाले नव्हते, पैसे उचलून दुसरीकडे नेले होते. आमच्याच मंत्र्यांच्या शहरात रेल्वे फाटकावरून एक पूल चालला होता, तिकडे. उपकर पुलांसाठी, तोही पूलच, त्यामुळे कायद्यानं बोट ठेवायला जागा नाही. याला सरकारी भाषेत पुनर्विनियोजन म्हणतात. मी ताईंना चुकीचा शब्द दिला होता.

तरी पहिलं उत्तर मी सरळ लिहिलं, हे मी शपथेवर सांगेन. 'अंशतः खरे आहे. निधी व्यपगत झालेला नसून त्याचे अन्य पुलासाठी पुनर्विनियोजन करण्यात आले आहे. पुरवणी मागण्यांद्वारे निधी पुन्हा उपलब्ध करून देण्याची बाब विचाराधीन आहे.' शेवटचं वाक्य मीच घातलं होतं. त्याच अधिवेशनात पुरवणी मागण्या, म्हणजे वाढीव खर्चाच्या मंजुऱ्या, यायच्या होत्या. आणि मंत्री सभागृहात 'विचाराधीन' म्हणाले, की ते आश्वासन होतं. मग त्याचा पाठपुरावा करायला आमदारांची समिती असते, ती खात्याच्या मानेवर बसते. त्या एका वाक्यावर पूल उभा राहिला असता. उन्हाळ्यात खांब, पुढच्या पावसाळ्याआधी निदान पायी जाण्यापुरता.

दुसऱ्या दिवशी सकाळी उपसचिव रणदिव्यांनी बोलावलं. रणदिवे वाईट माणूस नव्हता. खोकल्याच्या गोळ्या चघळत बोलायचा, कधी कुणावर आवाज चढवायचा नाही.

"केळुसकर, हे कुमरेबाईंचं उत्तर," त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. "मंत्रीमहोदय अस्वस्थ आहेत. स्वतःच्या शहरातल्या पुलासाठी आदिवासी भागाचा पैसा नेला, असं उद्या पेपरात येणार. काही वाट आहे का?"

मी गप्प राहिलो असतो तर झालं असतं. 'नाही साहेब, वस्तुस्थितीच अशी आहे,' एवढं म्हणून उठलो असतो तर रणदिव्यांनी सुस्कारा टाकून सही केली असती. त्यांना वाट दिसतच नव्हती. ती मला दिसत होती. आणि दिसलेली वाट दाखवायला माझी जीभ शिवशिवायला लागली. पुढच्या महिन्यात पदोन्नतीची यादी होती हेही खरं, पण निव्वळ यादीसाठी मी ते केलं असं म्हणालो तर तेही अर्धंच सांगितल्यासारखं होईल. मला शेखी मिरवायची होती.

"वाट आहे साहेब," मी म्हटलं. "बाईंनी विचारलंय, निधी व्यपगत झाला हे खरं आहे काय? झाला का?"

"नाही झाला."

"मग पहिल्या भागाला उत्तर, 'हे खरे नाही.' आणि दोन आणि तीन 'असल्यास' म्हणून सुरू होतात. नसल्यावर कसले? प्रश्न उद्भवत नाही."

रणदिवे तोंडातली गोळी गालात सारून हसले. "अहो केळुसकर, तुम्ही अवर सचिव केव्हाच व्हायला हवे होतात!"

मी ते उत्तर तिथंच, त्यांच्या टेबलावर, त्यांच्याच पेनानं लिहिलं. दोन ओळी. त्यात खोटं एक अक्षर नव्हतं.

प्रश्नाच्या दिवशी मी आणि रणदिवे सभागृहातल्या अधिकाऱ्यांच्या दीर्घेत, म्हणजे गॅलरीत, बसलो होतो. तिथून मंत्र्यांना चिठ्ठ्या पाठवतात. उपप्रश्न आला आणि मंत्री अडखळले, की ते आमच्याकडे बघतात, शिपाई येतो, चिठ्ठी नेतो. मी दोन चिठ्ठ्या तयार ठेवल्या होत्या. एकीवर 'मूळ प्रश्नाशी संबंधित नाही.' दुसरीवर 'निधीचे पुनर्विनियोजन झाले आहे. पुरवणी मागणीत देता येईल. तपासून घेतो म्हणावे.' ही दुसरी मी का लिहिली, ते मला त्या वेळीही नीट सांगता आलं नसतं.

प्रश्नोत्तराचा तास बाराला संपतो. कुमरेताईंचा प्रश्न पुकारला तेव्हा बाराला सात मिनिटं होती. मंत्री उठले, "हे खरे नाही. उर्वरित प्रश्न उद्भवत नाही," म्हणाले आणि बसले.

कुमरेताई उभ्या राहिल्या. हातात तीच वही.

"अध्यक्ष महोदय, खरं नाही म्हणतात, तर मग पैसे आहेत म्हणायचे. आहेत तर पूल काहून नाही?"

सभागृहात थोडं हसू फुटलं. मंत्री उठून म्हणाले, "सन्माननीय सदस्यांनी निधी व्यपगत झाला का, असं विचारलं. तो व्यपगत झालेला नाही. आता मी आणखी काय सांगू?"

"मग कुठं आहेत जी?"

"मूळ प्रश्नात तसं विचारलेलं नाही."

मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "ताई, इंजेक्शन देण्याइतकं सोपं नाही हे!" आणि आता मात्र सगळ्यांनी मोकळेपणानं हसून घेतलं. अध्यक्षांनी घंटा वाजवली. सदस्यांनी मूळ प्रश्नाच्या अनुषंगानंच विचारावं, असं सांगितलं.

ताई बसल्या नाहीत. त्यांचा आवाज जरा कापत होता, पण चढला नव्हता.

"मले शब्द येत नसन, अध्यक्ष महोदय. नदी येते. सव्वीस वर्षं ओलांडली मी ती. मंत्रीसाहेबांनी फक्त एवढंच सांगावं, पैसे कोठी आहेत. शब्दाची मी मागून माफी मागीन."

सभागृह जरा शांत झालं. मंत्र्यांनाही ते लागलं असावं. त्यांनी आमच्याकडे वळून पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत चक्क प्रश्न होता, काय सांगू हिला? मंत्री काही राक्षस नव्हते हो! त्या घटकेला माझी दुसरी चिठ्ठी हातात पडली असती, तर ते 'तपासून घेतो' म्हणाले असते, अशी माझी आजही खात्री आहे.

शिपाई दीर्घेशी आला. त्यानं हात पुढं केला. चिठ्ठी माझ्या बोटांत होती. मी रणदिव्यांकडे बघितलं. रणदिवे सरळ समोर बघत होते. ते हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत.

"काही नाही," मी शिपायाला म्हटलं.

तो गेला. मंत्र्यांनी खांदे उडवले आणि म्हणाले, "वेगळा प्रश्न द्यावा, उत्तर देऊ." अध्यक्षांनी पुढचा प्रश्न पुकारला. कुमरेताई आणखी थोडा वेळ उभ्याच होत्या. शेजारच्या सदस्यानं त्यांच्या पदराला हात लावून त्यांना खाली बसायला सांगितलं.

बाहेर लॉबीत मी खांबाआडून सटकायच्या बेतात होतो, तेवढ्यात हाक आली.

"केळुसकर भाऊ!"

मी थांबलो. मला वाटलं, आता चारचौघांत बाई माझी अब्रू काढणार. काढायलाच हवी होती. मी मनाची तयारीही केली. ताई जवळ आल्या. डोळे लाल होते, पण चेहरा ओशाळलेला. चूक करून आलेल्या माणसाचा असतो तसला.

"भाऊ, तुमी एवढा चांगला शब्द दिला, आणि मी त्याची माती केली," त्या म्हणाल्या. "कुठंतरी चुकीचा लावला ना मी? तुमी व्यपगत दुसऱ्या कशासाठी सांगितलं असन, मी समजली दुसरं. त्या दिवशी नीट विचारून घ्यायले पाहिजे होतं. तुमालेही तिथं बसून वाईट वाटलं असन."

बोल, केळुसकर, बोल! आता तरी तोंड उघड. शब्द मी दिला, चुकीचा मी दिला, आणि त्या चुकीचा फायदाही मीच घेतला. तीन वाक्यं. पण लॉबीत माणसं होती. दोन पावलांवर रणदिवे कुणाशी तरी बोलत उभे होते. आणि मला तो ओशाळलेला चेहरा बघून, देवा शपथ, हायसं वाटलं. हिला माहीत नाही. हिला काहीच माहीत नाही.

"होतं असं ताई," मी म्हटलं. "शब्द जरा चुकला. नवीन आहात."

"मग बरोबर शब्द कोणता?"

मी त्यांना पुनर्विनियोजन हा शब्द सांगितला. त्यांनी वही खांबाला टेकवून लिहिला. अडखळल्या, मी पुन्हा सांगितला. रफार कुठं, ते मी बोटानं दाखवलं. लिहून झाल्यावर त्यांनी माझे आभार मानले.

त्या संध्याकाळी रणदिव्यांनी मला स्वतःच्या पैशानं संत्र्याची बर्फी खायला घातली. मी खाल्ली.

मार्चच्या अधिवेशनात कुमरेताईंनी बरोबर शब्द घालून प्रश्न पुन्हा टाकला. या वेळी तो तारांकितात आलाच नाही, लेखी उत्तरावर भागलं. उत्तर मीच लिहिलं : हे खरे आहे. निधीचे पुनर्विनियोजन करण्यात आले आहे. तूर्त निधी उपलब्ध नाही. तोवर मंत्र्यांच्या शहरातल्या पुलाचे खांब वर आले होते आणि पुरवणी मागण्या कधीच्या मंजूर होऊन गेल्या होत्या. खरं बोलायला आता काही खर्च येत नव्हता. एव्हाना मी अवर सचिव झालो होतो. टेबल मोठं झालं, खुर्चीला हात आले, काम मात्र प्रश्नांचंच राहिलं.

जुलैत, मुंबईचं अधिवेशन चालू असताना, एका दुपारी कुमरेताई माझ्या खोलीत आल्या. पिशवी तीच. पण त्या इतक्या वाळल्या होत्या, की क्षणभर मी ओळखलंच नाही. मी उठून खुर्ची दिली. त्या बसल्या आणि काही न बोलता एक कागद माझ्यासमोर धरला. अल्पसूचना प्रश्न होता, म्हणजे तातडीचा. तिपरी नदीत डोंगा उलटून दोन महिला मरण पावल्या, हे खरे आहे काय?

"कधी?" मी विचारलं.

"मागच्या बुधवारी. सुगंधा नावाची पोरगी होती. दिवस भरले होते तिचे. सोबत सासू. डोंगेवाला पोहून निघाला. सासूनं सुनेला सोडलं नाही म्हणतात. सुगंधा माझ्याच हातावर जन्मली जी."

मी पाण्याचा पेला पुढं सरकवला. त्यांनी घेतला नाही.

"गावात लोक मले विचारून राहिले," त्या म्हणाल्या. "नागपूरची बातमी आली होती पेपरात, पैसे बुडाले नाही म्हणून सरकारनं सांगितलं. लोक म्हणतात, ताईनं खोटाच प्रश्न टाकला, खऱ्याचं काही विचारलंच नाही. त्यांचं खरं आहे भाऊ. मी त्या दिवशी बरोबर शब्द टाकला असता, तर मंत्र्याले सांगावं लागलं असतं. पूल नसता झाला पूर्ण, पण खांब आले असते, फळ्या टाकल्या असत्या. माझ्या एका शब्दापायी गेल्या त्या दोघी. मले झोप नाही लागत जी. सुगंधाच्या मायच्या दारात जायची हिंमत होत नाही." त्यांनी कागदावर बोट ठेवलं. "म्हणून तुमच्याकडे आली. यात तरी काही चुकलं नाही ना, तेवढं बघून द्या."

मी कागद हातात घेतला. अक्षरं दिसत होती, वाचता येत नव्हती. सात महिने मी स्वतःला समजावत होतो, की हे व्हायचं ते कुणाच्याही हातून झालं असतं, मी फक्त लिहिणारा. पण समोर ही बाई बसली होती आणि माझं पाप स्वतःच्या डोक्यावर घेऊन गावभर हिंडत होती. ते मला बघवेना. माझी सहनशक्ती संपली म्हणून मी बोललो, त्यात चांगुलपणा कसलाच नव्हता.

"ताई, शब्द तुमचा चुकला नव्हता," मी म्हटलं. "मी चुकीचा दिला होता."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुमी थोडंच मुद्दाम दिला असन."

"देताना मुद्दाम नाही दिला. पण नागपूरला प्रश्न माझ्याच टेबलावर आला. मी फाईल पाहिली. पैसे कुठं गेले ते मला दिसलं. उत्तर मी लिहिलं."

"'हे खरे नाही', ते तुमी लिहिलं?"

"हो."

"पैसे कोठी गेले, तुमाले माहीत होतं?"

"हो."

"मी सभागृहात उभी राहून विचारत होती, तेव्हा?"

"हो. चिठ्ठी हातात होती माझ्या. पाठवली नाही."

वर पंखा फिरत होता. त्यांचे ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. मला वाटलं, आता त्या रडतील, नाहीतर टेबलावरचा पेला उचलून माझ्या तोंडावर मारतील. दोन्हींतलं काहीही मी आनंदानं घेतलं असतं.

"आणि बाहेर खांबापाशी," त्यांनी अगदी हळू विचारलं, "मी तुमची माफी मागितली, तेव्हा?"

"हो, ताई. तेव्हाही."

त्यांनी हात पुढं केला. मला कळेना, काय हवंय. मग त्यांनी माझ्या हातातला कागद दोन बोटांनी धरून काढून घेतला, पातळ झालेल्या जुन्या नोटेसारखा, फाटू नये अशा बेतानं.

"मग हा तुमी नका वाचू," त्या म्हणाल्या.

त्या उठल्या. दाराकडे जातील असं मला वाटलं, पण खोलीतल्या दुसऱ्या टेबलापाशी गेल्या. तिथं आमच्याकडच्या टंकलेखिका काळसेकरबाई बसायच्या. विभागात येऊन त्यांना जेमतेम वर्ष झालं होतं, प्रश्नांचं त्यांना ओ का ठो कळत नव्हतं. काळसेकरबाई मशीन थांबवून माझ्याकडे बघायला लागल्या. मी खाली बघितलं.

"बाई, जरा मोठ्यानं वाचून दाखवता का?" कुमरेताई म्हणाल्या. "मले ऐकायचं आहे, बरोबर लिहिलं का मी."

काळसेकरबाईंनी वाचायला सुरुवात केली. तारीख, नदीचं नाव, गावाचं नाव. सुगंधाचं पूर्ण नाव, वय वर्षे एकोणीस. सासूचं नाव. मग तिसरा भाग, चौथा भाग. ताई उभ्या राहून प्रत्येक भागानंतर मान हलवत होत्या. मी माझ्या खुर्चीत बसून शेवटपर्यंत ऐकलं. त्यात एकही शब्द चुकलेला नव्हता.